विहारानंतरचे स्थानक

कार्तिक पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले आहेत. तालुक्याच्या गावी आडतीचे दुकान चालविणारे, साठीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ पहाटे पावणेसहाला सवयीने घराबाहेर पडतात. ते तेथील श्रीसंघाचे मंत्री. प्रार्थनेला सर्वांच्या आधी पोहोचायचे, हा चातुर्मासात त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. स्थानकाच्या पायरीशी येऊन ते थबकतात. चार महिने ज्या दाराला कुलूप ठाऊक नव्हते, त्या दाराला आज कुलूप आहे. काल मुनिराजांना वेशीपर्यंत पोहोचवून आल्यावर सायंकाळी ते त्यांनीच लावले होते आणि त्याची किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

घरी स्वयंपाकघरात सुनेने नेहमीचे मोठे पातेले चुलीवर चढवून ठेवले आहे. उकळलेले पाणी किती लागेल, याचा हिशेब चार महिन्यांत तिच्या हाताला बसला होता. आज पाणी उकळून झाल्यावर तिच्या लक्षात येते की गोचरीला कोणीही येणार नाही. आठ वाजता तिच्या सासूबाईंच्या सासूबाई, म्हणजे मंत्र्यांच्या वयोवृद्ध मातोश्री, धुतलेले लुगडे नेसून, हातात माळ घेऊन दिवाणखान्यात येऊन बसतात. प्रवचनाला जाण्याची त्यांची ही वेळ. जायचे कोठेच नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

सून विचारते, "आजी, बरं नाही का वाटत?"

"बरी आहे गं. पण करमत नाही."

एकोणीस वर्षांचा पणतू अजून अंथरुणातच आहे. विहारसेवेच्या तुकडीत तो काल मुनिराजांबरोबर पुढच्या गावापर्यंत चालत गेला आणि दुपारी टेम्पोतून परतला. त्यानंतर तो कोणाशीही धड बोललेला नाही. मोबाईलवर सामूहिक पारण्याची चित्रफीत तो पुन्हा पुन्हा पाहतो आहे.

एकाच घरातील चार पिढ्यांची ही एक सकाळ. कोणी आजारी नाही, कोणाचे नुकसान झालेले नाही. उलट चातुर्मास उत्तम पार पडला, असे गाव म्हणते. तरीही घरावर एक पोकळी उतरली आहे. दुःख म्हणावे तर कारण सापडत नाही आणि कारण सापडत नाही म्हणून ती कोणाला सांगताही येत नाही. 'एवढे चांगले झाले आणि तुम्ही तोंड पाडून का बसलात?' या प्रश्नाला उत्तर नसते.

मराठी भाषेने मात्र या अवस्थेसाठी एक शब्द पूर्वीच राखून ठेवला आहे. आजीने तो सहज वापरला: करमत नाही. या शब्दात आजाराची तक्रार नाही, कोणावर आरोप नाही. मन ज्या ठिकाणी रमले होते ते ठिकाण उठून गेले आणि नवे ठिकाण त्याला अजून सापडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही पोकळी केवळ चातुर्मासाची नाही. मुलीची पाठवणी झाल्यावर मांडवाचे बांबू सुटू लागतात, तेव्हा वधूपित्याला ती जाणवते. पंचकल्याणक प्रतिष्ठेचा शेवटचा मंगलकलश उठल्यावर, शिखरजीची यात्रा करून रेल्वे पुन्हा गावच्या फलाटावर थांबल्यावर, परदेशातील मुले सुट्टी संपवून परतल्यावर तीच पोकळी निरनिराळ्या घरांत उतरते. उत्साह जेवढा मोठा, तेवढी ती खोल.

यात त्या माणसांचा काही दोष आहे काय? रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या प्रश्नाशी निगडित एक सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते तीव्र भावना उसळली की मन तिला आवर घालण्यासाठी तिच्या उलट दिशेची एक प्रक्रिया सुरू करते. मूळ भावनेचे कारण संपते, पण ही उलट प्रक्रिया तत्काळ थांबत नाही; ती काही काळ एकटीच चालू राहते. उन्हातून एकदम माजघरात आलेल्या माणसाला तेथे असतो त्यापेक्षा अधिक अंधार दिसतो, तसेच हे आहे. माजघर तेवढे काळोखे नसते. डोळे अजून उन्हाच्या हिशेबाने चाललेले असतात.

याच सिद्धान्ताचा दुसरा भाग अधिक विचार करावा असा आहे. तोच उत्साह वारंवार भोगला, तर त्याचा आनंद उत्तरोत्तर फिका पडतो आणि त्यामागून येणारी उलट छाया मात्र अधिक गडद व लांब होते. म्हणजे पोकळी भरण्यासाठी लगेच दुसरा उत्सव मांडला, तर पोकळी भरत नाही, ती वाढते.

सर्वोच्च यश मिळविणारेही या छायेतून सुटलेले नाहीत. १९६९ च्या जुलैत चंद्रावर पाऊल ठेवणारा दुसरा मानव बझ ऑल्ड्रिन पृथ्वीवर परतला, तेव्हा साऱ्या जगाने त्याचा सत्कार केला. त्यानंतर मात्र नैराश्य आणि मद्य या दोहोंनी त्याला घेरले. आपली ही कहाणी त्याने १९७३ मध्ये पुस्तकरूपाने उघडपणे सांगितली. २००८ मध्ये बीजिंग येथे नेमबाजीत भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनीही त्या विजयानंतर आलेल्या रितेपणाविषयी जाहीरपणे सांगितले आहे. वर्षानुवर्षे ज्या एका गोष्टीसाठी प्रत्येक दिवस आखलेला असतो, ती गोष्ट साध्य झाली की दुसऱ्या दिवशी उठायचे कशासाठी, हा प्रश्न उरतो. तो चंद्रावरून आलेल्यालाही चुकत नाही आणि भोजनशाळेची कोठी सांभाळणाऱ्यालाही.

मग उत्सवाबरोबर नेमके काय निघून जाते? आनंद जातो, असे वरवर वाटते. त्या घरात अधिक बारकाईने पाहिले तर निराळेच दिसते.

आजीच्या बाबतीत पाहावे. चार महिने त्यांची प्रवचनातील जागा ठरलेली होती, तिसऱ्या खांबाजवळची. एके दिवशी गुडघा दुखल्यामुळे त्या गेल्या नाहीत, तर दुपारपर्यंत तीन बायका घरी विचारायला आल्या. दोन दिवसांपासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत आणि विचारायला कोणीही आलेले नाही. त्यांचे गेले आहे ते हे: आपण दिसलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येते, हा दिलासा.

मंत्र्यांचे काम गेले आहे. बाहेरगावचे दर्शनार्थी किती येणार, गौतमप्रसादीला किती पाने मांडायची, आचाऱ्याला तूर कोठून द्यायची, रविवारच्या शिबिराला बाके किती लागतील, असे दिवसातून पन्नास प्रश्न त्यांच्याकडे येत. त्या धावपळीत ते कुरकुर करीत, पण 'मंत्र्यांना विचारा' या तीन-तीन अक्षरी दोन शब्दांत त्यांचे अस्तित्व सामावले होते. दुकानात त्यांना विचारणारे आता फारसे कोणी नाही. व्यवहार मुलाने हाती घेतला आहे.

पणतवाचे सोबती गेले आहेत. विहारसेवेच्या निमित्ताने निरनिराळ्या गल्ल्यांतील बारा मुले एकत्र आली होती. ती आता कोणी पुण्याच्या वसतिगृहात, कोणी वडिलांच्या गल्ल्यावर परतली. आणि सुनेचा गेला आहे तो दिवसाचा आकार: सकाळी गोचरी, नऊ वाजता प्रवचन, दुपारी बायकांचा स्वाध्याय, सूर्यास्तापूर्वी चौविहाराची लगबग. घड्याळ तेच आहे, पण आता त्यातील सगळे तास सारखेच दिसतात.

म्हणजे आनंद हे फळ होते. मुळे चार होती: कोणीतरी दखल घेणे, हाताला काम असणे, सोबत मिळणे आणि दिवसाला आकार असणे. उत्सवाने ही चारही एकाच वेळी दिली आणि एकाच सकाळी परत नेली. हे ओळखले की पोकळीचे भय निम्मे कमी होते. उत्सव पुन्हा आणता येत नाही, परंतु ही चार मुळे पुन्हा लावता येतात.

त्याआधी, चुकीच्या ठिकाणी पोकळी भरण्याचे प्रयत्न कसे होतात, तेही पाहिले पाहिजे.

चौथ्या दिवशी संघाच्या कार्यकारी मंडळाची बैठक भरली. विषय साधा होता, मंडपाचे बिल. दराविषयी एकाने शंका काढली. दुसऱ्याने सत्कारात आपल्या भावाचे नाव राहून गेल्याची आठवण करून दिली. तिसऱ्याने पाटावर पहिल्या दिवशी कोणाला बसविले आणि कोणाला नाही, तेथपर्यंत गोष्ट नेली. एरवी शांत असणाऱ्या मंत्र्यांचा आवाज चढला. "चार महिने दुकानाकडे पाहिलं नाही मी. त्याचं कोणी नाव काढत नाही आणि बिलातली चूक तेवढी दिसते!"

तेव्हा मंडळातील एक वयोवृद्ध श्रावक हळूच म्हणाले, "भाऊ, फरक साडेतीनशे रुपयांचा आहे. साडेतीनशेसाठी एवढा आवाज होत नसतो. आपल्यापैकी कोणालाच करमत नाही, एवढंच खरं."

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

उत्सवानंतरची भांडणे बहुधा याच जातीची असतात. लग्नानंतर आहेराच्या साड्यांवरून जावांमध्ये येणारे वितुष्ट, प्रतिष्ठेनंतर बोलीच्या रकमेवरून उठणारी कुजबुज, यात्रेनंतर कोणी किती खर्च केला याची उजळणी, यांत पैशाचा प्रश्न असतो तेवढा असतोच. पण पुष्कळदा रितेपणाला रडण्याची लाज वाटते आणि तो रागाचे कपडे घालून बाहेर पडतो. राग निदान उबदार असतो; रितेपणा थंड. म्हणून उत्सव संपल्यावर पहिले पंधरा दिवस कोणताही मोठा वाद निकालात काढू नये. हिशेब जरूर करावा, निवाडा करू नये.

दुसरा चुकीचा मार्ग म्हणजे लगेच पुढचा कार्यक्रम. त्याच बैठकीत एकाने सुचविले की पौष महिन्यात एखादा मोठा महोत्सव घ्यावा, म्हणजे वातावरण टिकून राहील. सूचना सद्भावनेची होती. परंतु थकलेली माणसे, रिकामी झालेली कोठी आणि चार महिने मागे पडलेली दुकाने यांच्या खांद्यावर दुसरा उत्सव उभा राहिला, तर तो धर्मवृद्धीसाठी होत नाही. शांततेच्या भीतीने होतो.

तिसरा मार्ग पणतवाचा, म्हणजे चित्रफितींचा. आठवणी पाहण्यात वाईट काही नाही. मात्र त्याच त्या क्षणाकडे परत परत गेल्याने आजचा दिवस अधिकच फिका दिसू लागतो आणि रात्रीची झोपही जाते.

विचार केला तर असे दिसते की जैन परंपरेने निरोपाची ही जागा मुद्दाम राखून ठेवली आहे. मुनींनी वर्षाकाळ एके ठिकाणी राहावे आणि उरलेल्या आठ महिन्यांत एका गावी एका महिन्याहून अधिक काळ थांबू नये, हा श्वेतांबर आचारातील नवकल्पी विहाराचा नियम. दिगंबर परंपरेत वीरनिर्वाणाच्या सुमारास वर्षायोगाचे निष्ठापन होते आणि त्यानंतर त्यागीगणांचा विहार होतो. वाहते पाणी आणि विचरणारा साधू निर्मळ राहतो, ही भावना यामागे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण हा नियम जेवढा साधूंसाठी, तेवढाच श्रावकांसाठीही आहे. गुरू कायमचे गावात राहिले असते, तर धर्म गुरूंच्या पाटापाशीच राहिला असता. तो घरात आणि दुकानात यायचा असेल, तर पाट कधी तरी रिकामा व्हावाच लागतो.

या बाबतीत गणधर गौतमस्वामींची कथा सर्वांत जवळची आहे. वयाच्या ५० व्या वर्षी इंद्रभूती गौतमांनी भगवान महावीरांपाशी दीक्षा घेतली आणि त्यानंतर ३० वर्षे ते भगवंतांच्या सान्निध्यात राहिले. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार, निर्वाणाच्या दिवशी भगवंतांनी त्यांना देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाला प्रतिबोध देण्यासाठी दुसऱ्या गावी पाठविले. परतताना वाटेतच त्यांना पावापुरीची वार्ता कळली. ३० वर्षांची सोबत एका रात्रीत संपली होती आणि शेवटच्या घटकेला तेच जवळ नव्हते.

चार ज्ञानांचे धनी असलेले गौतम त्या रात्री लहान मुलासारखे शोकाकुल झाले, असे परंपरा सांगते. परंपरेने हा शोक लपविला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 'एवढ्या ज्ञानी पुरुषाला शोक कसा?' असे ती विचारत नाही. शोक करता करताच त्यांना उमगले की भगवंत वीतराग होते. बंध होता तो आपल्याच बाजूचा. त्या जाणिवेबरोबर पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. पुढे ते १२ वर्षे केवली म्हणून विचरले आणि ९२ व्या वर्षी त्यांचे निर्वाण झाले.

ती पहाट कार्तिक शुद्ध प्रतिपदेची, नव्या वर्षाची. अनेक व्यापारी घरांत दिवाळीला वहीपूजन होते आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी बरकतीची प्रार्थना असते. परंतु ज्यांचे नाव तो लिहितो, त्यांनी ती पहाट आयुष्यातील सर्वांत मोठ्या रितेपणातून पाहिली होती, हे लक्षात आले की त्या पहिल्या पानाचा अर्थ बदलतो. नवी वही भरलेल्या मनानेच उघडावी लागते असे नाही. रित्या मनानेही ती उघडता येते.

वहीचा हा दाखला व्यापारी घरांना आणखी एका कारणाने उपयोगी आहे. कोणताही दुकानदार मोठा व्यवहार झाल्यावर गादीवर नुसता बसून राहत नाही. तो देणी चुकती करतो, आलेला माल व गेलेला माल ताडून पाहतो, रिकामी पोती परत पाठवितो, खाते बंद करतो आणि जी शिल्लक उरली ती पुढच्या पानावर ओढतो. व्यवहार कितीही मोठा असो, पेढी चालते ती रोजमेळावर. उत्सवाचेही असेच करावे.

पहिली गोष्ट देणी चुकती करण्याची. त्या बैठकीनंतर मंत्र्यांनी एक यादी केली. मंडपवाला, आचारी, त्याचे मदतनीस, भांडी घासणाऱ्या बाया, रोज पहाटे गल्ली झाडणारा नगरपालिकेचा कामगार, ध्वनिक्षेपकाच्या तारा सांभाळणारा मुलगा. यांतील बहुतेक जण जैन नव्हते आणि सत्काराच्या यादीत कोणाचेही नाव नव्हते. मंत्री स्वतः एकेकाच्या घरी गेले, राहिलेली रक्कम दिली आणि हात जोडून आभार मानले. आचाऱ्याच्या घरी त्यांना चहासाठी थांबवून घेतले गेले. "शेठजी, आम्हालाही सुनं सुनं वाटतंय," आचारी म्हणाला. आपल्या रितेपणाला एवढे भागीदार आहेत, हे मंत्र्यांना तेव्हा प्रथम कळले.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. चार महिने पहाटे उठून रात्री उशिरा झोपलेले शरीर थकलेले असते आणि थकवा पुष्कळदा उदासीचे रूप घेऊन येतो. लांब तपश्चर्या केलेल्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. पारणे झाल्यावरही शरीराला पूर्ववत होण्यास वेळ लागतो. पहिले आठ दिवस झोप पुरी घेणे, वेळेवर साधे जेवणे आणि दुकानाच्या थकलेल्या कामांपैकी रोज एकच हातावेगळे करणे, एवढा संकल्प पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट शिल्लक पुढे ओढण्याची, आणि सर्वांत महत्त्वाची तीच. चातुर्मासातील सर्व काही पुढे नेता येत नाही, नेऊही नये. पण त्या चार मुळांपैकी प्रत्येकाचे एक लहानसे रोप प्रत्येकाला लावता येते. आजीसाठी ते रोप म्हणजे रोजची विचारपूस. त्यांच्या घरापासून चार दारे सोडून राहणाऱ्या एका विधवा बाईंशी त्यांनी ठरविले की सकाळी आठ वाजता एकीने दुसरीला फोन करायचा. बोलायला काही नसले तरी चालेल. पण फोन आला नाही, तर समोरचीने येऊन पाहायचे. सुनेने दुपारचा स्वाध्याय सोडला नाही. पंचवीस बायकांऐवजी पाचच उरल्या, म्हणून तो स्थानकाऐवजी पाळीपाळीने एकेकीच्या घरी भरू लागला.

पणतवाला काम हवे होते. मंत्र्यांनी त्याच्या हाती एक वही दिली. तीत गावातील एकट्या राहणाऱ्या वृद्ध श्रावक-श्राविकांची नावे होती. कोणाला औषध आणून द्यायचे, कोणाला बँकेत न्यायचे, कोणाचे विजेचे बिल भरायचे, हे त्याने आणि गावात उरलेल्या चार मुलांनी वाटून घ्यायचे. विहारात तो मुनिराजांबरोबर चालत होता. आता त्याला चालायला चार गल्ल्या मिळाल्या. पहिल्या आठवड्यात त्याने कंटाळून केले, दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांनी त्याच्यासाठी राखून ठेवलेला चिक्कीचा तुकडा खिशात घालून तो हसत घरी आला.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. उत्सवानंतरची पोकळी सहसा काही दिवसांत आपोआप विरळ होत जाते. परंतु दोन आठवडे उलटूनही बहुतेक दिवस, दिवसाचा बराच काळ मन उदासच राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कामावर लक्ष लागत नसेल किंवा जगण्याविषयी निरर्थकतेचे विचार येत असतील, तर तो 'करमत नाही'चा विषय राहत नाही. जिवाला अपाय करण्याचा विचार बोलून दाखविला गेला, तर दोन आठवडेही वाट पाहू नये. त्या वेळी डॉक्टरांकडे जाणे हे धर्मावरील श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण नव्हे. ताप आल्यावर औषध घेण्याइतकेच ते सरळ आहे. भारत सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. 'तप केलेल्या माणसाला नैराश्य कसे येईल?' असे म्हणून घरच्यांनी त्या माणसाला एकटे पाडू नये. गणधरांच्या अश्रूंना जागा देणाऱ्या परंपरेत श्रावकाच्या अश्रूंनाही जागा आहे.

राहिले मंत्र्यांचे रोप. त्यांच्या खिशातील किल्ली अजून तेथेच होती. मुनिराज असताना स्थानक उघडे ठेवावे लागत नसे. ते उघडेच असे. आता ते उघडण्यासाठी कोणीतरी जाणे आवश्यक होते. त्यांनी ठरविले की मोठे काही जाहीर करायचे नाही. एक सामायिक ४८ मिनिटांचे. बाजार उघडण्याआधी तेवढा वेळ प्रत्येक आडत्याला काढता येतो.

दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी कुलूप काढले. पहिल्या दिवशी अकरा जण आले. तिसऱ्या दिवशी सात आले. त्यानंतर आकडा सातच्या आसपासच राहिला. कधी पाच, कधी आठ. चातुर्मासात जेथे चारशे माणसे दाटीवाटीने बसत, तेथे सात माणसांचा आवाज घुमत असे. पहिले काही दिवस तो घुमणारा आवाजच सर्वांना बोचला. पुढे त्याची सवय झाली. रिकाम्या पाटाकडे नजर जाणे काही थांबले नाही, पण नजर गेली तरी सामायिक मोडत नसे.

आजी आल्या आणि तिसऱ्या खांबाजवळ बसल्या. त्या दिवशी त्यांचा हात धरून पणतूही आला होता. दाराजवळच्या फळ्यावर त्याच्याच अक्षरात अजून ओळ होती: 'उद्या प्रातः ६.४५ वाजता विहार.' ती पुसण्याचे इतक्या दिवसांत कोणाला सुचले नव्हते, की कोणाला धीर झाला नव्हता, हे सांगणे कठीण. त्याने थोडा वेळ ती ओळ पाहिली, ओल्या फडक्याने फळा स्वच्छ पुसला आणि खडू घेऊन लिहिले: 'रोज सकाळी ९ ते ९.४८ सामायिक.'